कॉलरबोन मोडलंय, ऑपरेशन लागेल का?

बाईकवरून पडून भावाचं कॉलरबोन मोडलं, ऑपरेशन करावंच लागेल का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेकदा लागत नाही. हात झोळीत ठेवला की मोठ्या माणसाचं हाड साधारण 6 ते 12 आठवड्यांत जुळतं. टोकं फार सरकली असतील किंवा आतून कातडीवर टोचत असतील तर मात्र ऑपरेशन करून धातूची प्लेट बसवावी लागू शकते.

सुरुवातीला आडवं झोपवत नाही हो! पाठीला उशा लावून अर्धवट बसतं झोपू द्या. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. डॉक्टरांना विचारून बोटं, मनगट, कोपर पहिल्यापासून हलवू दे, नाहीतर सांधे आखडतात. सिगारेट बंद, तिने हाड जुळायला उशीर होतो.

बोटं बधिर झाली, हात गार पडला किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.