मुलगी भुवनेश्वरला इनडोअर (छताखालच्या) ६० मीटरमध्ये चमकली, ठाण्यात मैदानावर १०० मीटरही तशीच धावेल का?

शक्यता चांगली आहे, पण गृहीत धरू नका. ६० मीटरमध्ये स्टार्ट आणि पहिल्या तीसेक मीटरचा जोर कळतो. वेग टिकतो का, हे खरं शेवटच्या ४० मीटरमध्ये ठरतं आणि तिथवर इनडोअर शर्यत संपलेली असते.

ख्रिश्चन कोलमनने २०१८ मध्ये ६० मीटरचा ६.३४ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि २०१९ मध्ये दोहाला १०० मीटरचं विश्वविजेतेपदही जिंकलं. मार्सेल जेकब्स २०२१ च्या मार्चमध्ये युरोपचा इनडोअर विजेता, ऑगस्टमध्ये थेट ऑलिंपिक विजेता! उलट उसेन बोल्ट इनडोअरच्या वाटेला फारसा गेलाच नाही, तरी बर्लिनच्या १०० मीटर विश्वविक्रमात त्याने पहिले ६० मीटर ६.३१ मध्ये कापले होते.

भुवनेश्वरच्या छताखाली वारा नसतो. ठाण्यात खाडीकडून वारा सुटला की वेळ इकडेतिकडे होते, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. कोचला ६० आणि १०० या दोन्ही खुणांवर वेळ घ्यायला सांगा. साठनंतर खांदे वर चढत असतील, पावलं आखूड पडत असतील, तर आधी १२०-१५० मीटरच्या धावा वाढवा; स्टार्ट तिचा चांगलाच दिसतोय. २०० मीटरचा अंदाज मात्र यावरून बांधू नका, वळणावरचं धावणं वेगळंच.