ज्यूल व्हर्न मुंबईला आला होता का?

प्रश्न : भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे मला व्हर्नची गोडी लागली. त्याच्या ऐंशी दिवसांतल्या जगप्रवासाच्या कादंबरीत मुंबई येते. तो इथे येऊन गेला होता का? आणि त्याच्या कादंबऱ्यांतला पाणबुडीचा कॅप्टन निमो खरंच भारतीय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नाही हो ताई, हिंदुस्थानात त्याने पाऊलही ठेवलं नाही. १८२८ साली फ्रान्समधल्या नाँतला जन्म, पॅरिसात वकिलीचं शिक्षण, पुढे पोटासाठी शेअरबाजारात नोकरी. जगाची माहिती त्याने गोळा केली ती वाचनालयांतून, नियतकालिकांतून. तरी मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरलेला पासपार्तू, म्हणजे नायकाचा नोकर, मार खातो, तो प्रसंग वाचताना मला अजून हसू फुटतं! रेल्वेचं मात्र त्याने बेधडक रचलं. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता. १८७२च्या कथेत तो अर्धवट ठेवला नसता, तर हत्तीवरचा प्रवास कुठून आला असता?

निमो आधी पोलिश असणार होता, रशियाचा वैरी. रशियातल्या विक्रीची काळजी असलेल्या प्रकाशक एत्झेलने हरकत घेतली. म्हणून निमोच्या पहिल्या कादंबरीत त्याचा देश गुलदस्त्यात राहिला. पुढच्या ‘गूढ बेट’ या कादंबरीच्या शेवटी तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार निघतो, १८५७च्या उठावात लढलेला. पुढे १८८०च्या एका कादंबरीत व्हर्नने नानासाहेब पेशव्यांनाही आणलं, पण खलनायक करून. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती तिच्यात आहे, तेवढ्यासाठी वाचा. बाकी मला ती रुचली नाही.