स्वयंपाकघरातल्या अकरा नियमांविषयी

प्रिय चिरंजीव,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा कागदाचा फोटो, दोन्ही मिळाले. बाळ घरात येण्यापूर्वीच आपले घर ख्रिस्ती घर म्हणून कसे चालावे याचा विचार तू करतोस, याचे मला समाधान वाटले. रात्री नऊला कौटुंबिक प्रार्थना, पगारातून आधी दशांश, म्हणजे देवासाठी दहावा भाग, रविवारी सिनेमा नाही, शेजारच्या गणपतीचा प्रसाद नाही, असे अकरा नियम तू स्वयंपाकघरात लावले आहेस आणि त्यांत काही राहिले का, असे मला विचारतोस. त्यांतले बहुतेक आमच्याही घरी होते. आमच्याकडे कागद नव्हता इतकेच. माझा आवाज पुरत असे.

प्रसादाच्या नियमाविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे. माझा मुलगा तिसरीत असताना गणपतीच्या दिवसांत त्याच्या दप्तरातून आंबूस वास येऊ लागला. त्याच्या आईने दप्तर उपडे केले, तेव्हा वहीच्या फाडलेल्या पानात गुंडाळलेला उकडीचा मोदक निघाला, दोन दिवसांचा, चेपलेला. मी जाब विचारला तेव्हा तो रडत म्हणाला, "मी खाल्ला नाही. काकूंना नाही म्हणायची लाज वाटली आणि तुम्हांला सांगायची भीती वाटली." त्या क्षणी मला, खरे सांगतो, बरेच वाटले, कारण नियम पाळला गेला होता. त्या आठ वर्षांच्या मुलाने शेजारणीची लाज आणि बापाची भीती यांच्यामधून वाट काढली होती आणि त्या वाटेवर देव कुठेच नव्हता, हे मला कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

हाच प्रश्न पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीपुढे होता. मूर्तींना वाहिलेले वर्ज्य करावे असा निर्णय यरुशलेमच्या सभेत झालेला होता (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५). तेव्हा प्रेषित पौलाला एका ओळीत मनाई लिहून मोकळे होता आले असते. त्याऐवजी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत तो समजावत बसतो. बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खा. मूर्तीच्या पंक्तीला मात्र बसू नका. कोणी जेवायला बोलावले तर पुढे येईल ते खा. पण हे वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. पदार्थ एकच, पण समोर कोण आहे आणि त्याला आपल्या खाण्यातून काय कळणार आहे, हे पौलाला महत्त्वाचे वाटते. मी स्वतः प्रसाद घेत नाही, आजही नाही, आणि का घेत नाही हे आमच्या शेजाऱ्यांना मी त्यांच्याच ओट्यावर बसून सांगितले आहे. ते माझ्या मुलाला मी कधी सांगितले नव्हते. त्याला मी फक्त 'नाही' दिले होते.

आता सूनबाईविषयी. तिला यातले काही नियम जाचतात असे तू एका ओळीत लिहून पुढे गेला आहेस. मी त्या ओळीपाशी थांबलो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षांनी त्या टिळकांकडे राहायला आल्या, पण सोवळे-ओवळे घेऊनच. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळक काही शांत स्वभावाचे गृहस्थ नव्हते, लहानसहान गोष्टींवरून त्यांचा पारा चढत असे. तरीही या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. जात देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःला पटले, तेव्हा त्यांचे सोवळे सुटले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका छपराखाली दोन चुली चालू देणारा तो पाळक आमच्या मंडळीत आज असता, तर त्याच्या घराविषयी काय काय बोलले गेले असते, हे तुला मी सांगायला नको. बाहेरून पाहणाऱ्याची चूक उलट्या बाजूनेही होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही शाकाहार सोडला नाही, तेव्हा त्यांच्या काही हितचिंतकांना त्यात विश्वासाची कमतरता दिसली होती.

दशांशाचा नियम चांगला आहे, पण आईच्या औषधांचे पैसे त्याच्यामागून निघणार असतील, तर मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातले 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिले असे सांगून आईबापांना द्यायचे टाळणे, ते एकदा वाच; अधिक लिहीत नाही.

नऊच्या प्रार्थनेला मी हात लावणार नाही. ठरलेली वेळ माणसाला धरून ठेवते. पत्नीच्या आजारपणात माझ्याकडे शब्द उरले नव्हते, तेव्हा तेविसावे स्तोत्र केवळ सवयीने तोंडी आले आणि त्या सवयीचे मी आभार मानतो. मात्र बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वचने आधी बापाच्या हृदयात ठसवायची आहेत आणि मग मुलांना शिकवायची, तीही घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. (ती दाराच्या चौकटींवर लिही असेही तिथेच म्हटले आहे, तेव्हा तुझ्या कागदाला आधार नाही असे मला म्हणता येणार नाही.) मीही प्रार्थना चालवत असे, आणि त्याच काळात जमिनीच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी सहा वर्षे बोलत नव्हतो. मुलांना हे दिसत होते. प्रार्थना चुकली तर ती मला भीत, आणि मी भावाशी बोलत नाही याविषयी मात्र कोणी कोणाला भीत नव्हते.

कागद आजच काढून टाक असे मी म्हणत नाही. एक रात्र वाचन बाजूला ठेव आणि या अकरांपैकी कोणते तुझे स्वतःचे, कोणते तुझ्या वडिलांचे आणि कोणते पाळकसाहेब भेटीला येतात म्हणून, हे सूनबाईसमोर मोठ्याने सांग. मग तिने लिहिला असता तर कागद कसा झाला असता, ते तिला विचार आणि मध्ये बोलू नकोस.

माझा मुलगा आता स्वतः बाप आहे. गेल्या गणपतीत त्याने मला फोन करून विचारले, "धाकट्याला काय सांगू?" मी म्हणालो, तू ठरव, आणि काय ठरवलेस ते कारणासकट मला कळव. त्याने अजून कळवलेले नाही.

तुझ्या वडिलांचा मित्र आणि तुझा,
काका