‘शिष्य करा’ की ‘शिष्य बनवा’?

संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे: “मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी (28:19) आपल्या बायबलमध्ये ‘शिष्य करा’ असे आहे. पण हल्ली उपदेशांत, गाण्यांत, फलकांवर सगळीकडे ‘शिष्य बनवा’ ऐकू येते. मुलांना ‘शिष्य करा’ अपुरे वाटते, ‘शिष्य काय करा?’ असे ती विचारतात. बरोबर कोणते? आणि स्त्रीसाठी ‘शिष्या’ म्हणावे का?”

ताई, ‘शिष्य करा’ हेच लिहा. का, ते जरा सविस्तर सांगतो. हा प्रश्न क्रियापदाचा दिसत असला तरी त्यात बरेच काही दडलेले आहे.

मराठीत ‘करणे’ हे क्रियापद माणसाला नवे स्थान किंवा नवे नाते देण्यासाठी सहज वापरतात. ‘पोराला वकील केला’, ‘धाकट्याला कारभारी केला’, ‘आम्ही त्यांना मध्यस्थ केले’. आणि मुख्य म्हणजे ‘गुरू करणे’. आपण गुरू ‘करतो’, ‘बनवत’ नाही. ‘शिष्य करणे’ ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. ‘बनवणे’ मराठीला परके आहे असे मी म्हणणार नाही, पण हिंदीच्या सहवासात त्याने ‘करणे’ची पुष्कळ जागा बळकावली आहे. भाकरी करायची सोडून आपण ती बनवू लागलो. शिवाय माणूस कर्म असला की मराठीत ‘बनवणे’ला एक वेगळाच वास येतो: ‘मला बनवू नकोस’, ‘त्याने सगळ्यांना बनवले’. विश्वास सांगण्याच्या कामावर आधीच शंकेची नजर असते. त्यात फसवणुकीचा अर्थ जवळ बाळगणारे क्रियापद आपण होऊन कशाला घ्यायचे?

मुलांना ते अपुरे का वाटते, हेही समजण्यासारखे आहे. ‘शिष्य करा’ एवढेच तोडून फलकावर लिहिले तर कर्म हरवते. वाक्य ‘सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ असे आहे. ‘लोकांना’ परत आणले की अडचण संपते.

आता मूळ ग्रीककडे जाऊ, कारण तिथे तर ‘करा’ही नाही आणि ‘बनवा’ही नाही. तिथे एकच क्रियापद आहे, ‘मथेतेउसाते’. ‘मथेतेस’ म्हणजे शिकणारा, आणि त्या नामापासूनच हे क्रियापद घडले आहे. अख्ख्या नव्या करारात ते फक्त चार वेळा येते: तीनदा मत्तयात, एकदा प्रेषितांच्या कृत्यांत. लॅटिन भाषांतराने इथे सरळ ‘शिकवा’ म्हटले, 1611च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरानेही ‘सर्व राष्ट्रांना शिकवा’ असेच लिहिले. ‘शिष्य’ हे नाम त्या जागी त्याच भाषांतराच्या 1881च्या सुधारित आवृत्तीत आले. नुसत्या ‘शिकवा’ने अर्थ तोकडा पडत होता. शिकवून मोकळे होता येते, शिष्य करून मोकळे होता येत नाही.

या वाक्यात मराठीला एक गोष्ट फार सुंदर साधली आहे. ग्रीकमध्ये आज्ञा एकच आहे, शिष्य करण्याची. ‘जाणे’, ‘बाप्तिस्मा देणे’ आणि ‘शिकवणे’ ही तिन्ही धातुसाधिते, म्हणजे ‘जाऊन’, ‘देत’ यांसारखी क्रियापदापासून झालेली रूपे, त्या आज्ञेला जोडलेली आहेत. इंग्रजीत ‘जा’ ही स्वतंत्र आज्ञा होऊन बसली आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या प्रवचने झाली. उलट हल्ली काही जण सांगतात की ‘जाणे’ला आज्ञेचा जोरच नाही, ‘जाता जाता करा’ एवढाच अर्थ. दोन्ही टोके सोडून आपले ‘जाऊन’ मधोमध उभे राहते. आई म्हणते, ‘बाजारात जाऊन भाजी आण.’ भाजी आणणे हे काम, पण घरी बसून ते होणार नाही, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. ‘तुम्ही जाऊन लोकांना शिष्य करा’ हे नेमके तसेच. ग्रीक वाक्याचा तोल इतक्या सहज पेलणारे दुसरे रूप मला सुचत नाही. पुढची दोन धातुसाधिते मात्र मराठीत ‘द्या’ आणि ‘शिकवा’ अशी आज्ञार्थी झाली आहेत. ‘बाप्तिस्मा देत’, ‘शिकवत’ असे असते तर वीण अधिक घट्ट राहिली असती, असे माझे मत.

‘शिष्य’ या शब्दाविषयीही थोडे. तो ‘शास्’ धातूपासून आला आहे. ज्याला शिकवायचे, ज्याला वळण लावायचे, तो शिष्य. ‘शासन’ आणि ‘शास्त्र’ त्याच घरातले. आपले ‘शिकणे’ मात्र ‘शिक्ष्’वरून आले आहे, आणि त्याच्या मुळाशी ‘शक्’ आहे, म्हणजे समर्थ होण्याची इच्छा. कानाला जवळचे वाटले तरी हे दोन शब्द वेगळ्या कुळांतले आहेत. ग्रीक ‘मथेतेस’ अर्थाने ‘शिकणाऱ्या’च्या जवळ आहे, आपला ‘शिष्य’ गुरूच्या बाजूने पाहतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले, तेव्हा खेड्यातल्या बाईलाही कळेल अशी सोपी मराठी हवी आणि जुन्या धार्मिक अर्थांनी भारलेले शब्द टाळावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्या कसोटीवर ‘शिष्य’ हा शब्द अवघड ठरतो, कारण त्याच्यामागे आपली सगळी गुरुपरंपरा उभी आहे.

पण मला ती अडचण वाटत नाही, उलट तिचा उपयोगच वाटतो. याच क्रियापदावर तुकोबांनी बोट ठेवले आहे: ‘मेघवृष्टीने करावा उपदेश । परि गुरूने न करावा शिष्य ।’ पाऊस जसा शेत कोणाचे ते न विचारता पडतो, तसा उपदेश करावा, पण शिष्य करू नये. कारण शिष्याच्या कर्मात गुरू अर्ध्याचा वाटेकरी होतो. इथेही ‘करणे’च आहे, म्हणजे ‘शिष्य करणे’ हा प्रयोग मिशनऱ्यांनी घडवलेला नाही. तो आधीच मराठीत होता, आणि त्याच्याविषयीचा इशाराही.

मग ‘शिष्य करा’ म्हणणारा येशू आणि ‘न करावा शिष्य’ म्हणणारे तुकोबा आमनेसामने येतात का? त्याच मत्तयात मागे 23व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की, तुम्ही स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एक आहे आणि तुम्ही सगळे भाऊ आहात. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत पौल आणि अपुल्लोस या उपदेशकांच्या नावाने ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ असे तट पडले तेव्हा पौल कळवळून विचारतो, पौल तुमच्यासाठी वधस्तंभावर गेला काय? म्हणजे ‘शिष्य करा’ यात ‘तुमचे’ कुठेच नाही. करणारा स्वतः शिष्यच राहतो. तुकोबांचा इशारा वाचलेल्या मराठी माणसाला हे जितक्या चटकन उमगेल, तितके इतर भाषकांना उमगेल की नाही, शंका आहे. म्हणून वर्गात सांगताना ‘ख्रिस्ताचे शिष्य करा’ असे म्हणा. शब्दशः ते मूळ वाक्यात नाही, अर्थाने आहेच.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. 1895मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1917मध्ये त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ मांडला, तो ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. ‘शिष्य’ या शब्दावर मराठीत केलेले इतके धाडसी भाष्य मला माहीत नाही. टिळकांवर माझे प्रेम आहे, तरी व्याकरण पाहता मला वाटते की वाक्य ‘शिष्य करणे’ आणि ‘बाप्तिस्मा देणे’ यांना इतके सुटे होऊ देत नाही. दोघांना ‘शिकवत’ची तिसरी गाठही आहे. बाप्तिस्मा एका दिवसाचा, शिकणे जन्मभराचे, आणि वाक्याला दोन्ही हवी आहेत. जबरदस्तीला मात्र या वाक्यात जागाच उरत नाही. दंड धरून कोणाला पाण्यात उतरवता येईल, शिकणारा करता येणार नाही.

‘साक्ष देणे’ आणि ‘शिष्य करणे’ एकच का, असेही ताईंनी जाता जाता विचारले आहे. नाही. ‘साक्षी’ म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो. पाणिनीने ‘साक्षात्’वरून हा शब्द असाच साधला आहे. साक्ष एका सभेत देऊन होते, ऐकणाऱ्याने ती मानली नाही तरी ती पुरी होते. शिष्य करण्याला दुसऱ्या माणसाची वर्षे लागतात आणि आपलीही.

राहिला ‘शिष्या’. खुशाल म्हणा. ‘मथेतेस’ हा शब्द शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये यांत अडीचशेहून अधिक वेळा येतो, आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘मथेत्रिया’ सगळ्या नव्या करारात एकदाच, कृत्यांच्या 9व्या अध्यायात, यापो गावच्या टबीथेसाठी. तिने कुठे उपदेश केल्याची नोंद नाही. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत येशूचा प्रेषित पेत्र याच्याभोवती जमल्या आणि तिने केलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवू लागल्या.