पाच महिन्यांचं बाळ, आरएसव्ही आणि ‘इथे काहीच औषध देत नाहीत’

ताई, लगेच लिहितेय, कारण आज-उद्याच तुम्ही बाळाला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवाल अशी भीती वाटली. तुम्ही लिहिलंय: बाळ पाच महिन्यांचं, सर्दीचा चौथा दिवस, ब्राँकिओलायटिस (फुप्फुसातल्या बारीक नळ्यांची सूज) म्हणून ॲडमिट, तपासणीत आरएसव्ही निघाला. नाकाला ऑक्सिजनची नळी आहे, पण अँटिबायोटिक नाही आणि वाफही काल बंद केली. घरचे म्हणतात, इथे काही करतच नाहीत. माझी सगळी नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून झाली. एवढ्या माहितीवरून तरी उपचार योग्य चाललेत. डॉक्टरांशी न बोलता हलवू नका.

आरएसव्ही हा विषाणू दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला एकदा तरी गाठतो. मोठ्या मुलात तो सर्दी-खोकल्यावर निभावतो. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या मात्र आतून सुजतात, त्यांचं अस्तर झडून कफात मिसळतं आणि नळ्या बुजतात. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. वाफेतलं साल्ब्युटामॉल दम्यात आवळलेले स्नायू सैल करतं. इथे अडथळा सुजेचा आणि कफाचा आहे, त्यामुळे बहुतेक बाळांना त्याने फरक पडत नाही, नुसती छाती धडधडते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत साल्ब्युटामॉल, स्टेरॉइड, छाती थोपटून कफ काढणं, यांतलं काहीही सरसकट करू नये असंच सांगितलंय. जोडीला जिवाणूंचा संसर्ग झालाय असं दिसलं, तर अँटिबायोटिक देतातच. तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा, ‘तशी काही शंका आहे का?’ चांगले डॉक्टर नीट सांगतील.

आणि ऑक्सिजनला ‘काहीच नाही’ म्हणू नका. 2019 साली जगभरात आरएसव्हीमुळे पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं दगावली असा अंदाज आहे, आणि त्यांतली जवळपास सगळी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. जिथे ऑक्सिजन आणि रात्रभर लक्ष ठेवणारं माणूस मिळत नाही, तिथे मुलं जातात. तुमच्या बाळाला दोन्ही मिळतंय.

या आजाराचा जोर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. काल बरं वाटत होतं आणि आज धाप वाढली, ती यामुळे असू शकते. पण फरक दिसला की सिस्टरना सांगायचंच.

आता तुमच्या हातातलं काम. इतकं लहान बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, ते दमतं आणि स्तन सोडून रडतं. म्हणून पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे थेंब घालायचे, थोडं थांबायचं, मग सिस्टरकडून वरवरचा शेंबूड ओढून घ्यायचा. नळी खोलवर घालायची नाही, त्याने नाक आतून सुजतं. मग थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजा. धाप फार असेल तर नाकातून पोटात नळी घालून दूध देतात किंवा सलाईन लावतात. त्याला घाबरू नका, बाळाची ताकद वाचते.

श्वास बघताना झबलं वर करा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद. आकड्याइतकंच फासळ्यांकडे बघा. प्रत्येक श्वासाला फासळ्यांखाली खड्डा पडतोय, पोट उडतंय, नाकपुड्या फुलतायत, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय, तर लगेच हाक मारा. श्वास मध्येच थांबला, ओठ निळसर पडले, बाळ मलूल झालं, तर हाक मारून थांबू नका, ओरडा. नेहमीच्या निम्मंही दूध जात नसेल किंवा लंगोट बराच वेळ कोरडा राहिला, तर तेही सांगा.

तुमच्या मोठ्या मुलीला सर्दी आहे ना? तिला वॉर्डात आणू नका. भेटायला येणाऱ्यांनाही नको म्हणा, सासूबाई रागावल्या तरी. हा विषाणू कॉटच्या दांड्यावर, खेळण्यावर कित्येक तास टिकतो आणि तिथून हाताने नाका-डोळ्यांत जातो. अमेरिकेत कॅरोलाइन हॉल या बालरोगतज्ज्ञांनी 1981 मध्ये याची फार सुंदर तपासणी केली. आजारी बाळांना उचलून घेणाऱ्या 7 जणांपैकी 5 जणांना लागण झाली. बाळ खोलीत नसताना तिथल्या वस्तूंना नुसता हात लावणाऱ्या 10 पैकी 4 जणांना झाली. कशालाही न शिवता लांब बसलेल्या 14 पैकी एकालाही नाही. शेजारच्या कॉटवर हृदयाचा आजार असलेलं किंवा कमी दिवसांचं बाळ असेल, तर तुमचे न धुतलेले हात त्याच्या जिवावर बेतू शकतात. बाळाला हात लावण्याआधी आणि नंतर, दर वेळी हात धुवा.

ओव्याची धुरी, नाकात तेल, छातीला कापूर, मधाचं बोट, यांतलं काहीही नको. धुराने सुजलेल्या नळ्या आणखी चिडतात, तेल फुप्फुसात उतरू शकतं, कापूर या वयात विषारी ठरू शकतो आणि मध एक वर्षाआधी द्यायचाच नसतो. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, तर घरात ओढणं बंदच.

ऑक्सिजनशिवाय बाळ स्थिर राहिलं, दूध नीट प्यायला लागलं की घरी सोडतील. खोकला मात्र पुढे दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. त्यासाठी मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणू नका. पुन्हा धाप लागली किंवा दूध पिणं सुटलं, तर रात्र असली तरी परत या.