एजंटने दाखवलेलं गिऱ्हाईक जाहिरात बघून थेट आलं, तर दलाली द्यायची का?

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. २००६ साली मिस्टरांच्या आणि माझ्या अशा दोघांच्या नावावर घेतला. २०२१ मध्ये ते गेले. सोसायटीत नॉमिनी मी होते, त्यामुळे शेअर सर्टिफिकेट आता माझ्या एकटीच्या नावावर आहे. मुलगी पुण्याला, मुलगा म्युनिकला, सासूबाई नाशिकला दिरांकडे असतात. मला मुलीजवळ राहायला जायचं आहे, म्हणून जानेवारीत जवळच्या एका एजंटला घर विकायला सांगितलं. लेखी करार नाही. व्हॉट्सॲपवर त्याने ‘डील झाल्यावर १%’ असं लिहिलं, मी ‘ओके’ पाठवलं. त्याने सात-आठ पार्ट्या आणल्या. ठाण्याच्या एका जोडप्याला घर आवडलं, पण ते ६६ लाखांच्या वर जाईनात. नंतर एजंटचा फोन येणंच बंद झालं. एप्रिलमध्ये मुलीने एका पोर्टलवर फुकट जाहिरात टाकली आणि ती बघून तेच जोडपं थेट आलं. ७० लाख ५० हजारांना बोलणं झालं आहे. वॉचमनकडून एजंटला कळलं. आता तो २ टक्के अधिक जीएसटी मागतो, नाहीतर रजिस्ट्रेशन होऊ देणार नाही म्हणतो. घराची एक चावी त्याच्याकडेच आहे. खरेदीदार म्हणतात, त्याला मध्ये घेऊच नका, शिवाय ४ लाख रोख घ्या आणि कागदावर साडेसहासष्ट दाखवू. एजंटकडे रेराचा, म्हणजे घरांच्या व्यवहारांच्या नियामक कायद्याखालचा, नोंदणी नंबर नाही. मग पैसे द्यायचे का? आणि एजंटशिवाय व्यवहार करताना काय बघायचं?

उत्तर : ताई, तुम्हाला आवडणार नाही ते आधी सांगतो. एजंटला एक टक्का द्यावा लागेल, असं माझं मत आहे. दोन टक्के मात्र नाही.

दलालीचा प्रश्न १८७२ च्या भारतीय करार कायद्यात येतो आणि करार कागदावरच असला पाहिजे असं तो कायदा म्हणत नाही. त्याचा मेसेज हा प्रस्ताव, तुमचं ‘ओके’ ही स्वीकृती, झाला करार. याच कायद्याचं कलम २१९ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पुरं झाल्याशिवाय देय होत नाही. म्हणजे नुसती घरं दाखवली, चकरा मारल्या, पेट्रोल जाळलं, एवढ्यावर दलाली मिळत नाही. पण तो मध्ये बसलेला नसताना सौदा झाला, तर काम कुणी पुरं केलं? असे वाद कोर्टात जातात तेव्हा बघितलं जातं की खरेदी-विक्री घडून येण्याचं परिणामकारक कारण कोण होतं.

तुमच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. बोलणं ६६ वर अडलं, तो गप्प बसला, वरचे साडेचार लाख तुम्ही स्वतः ओढून आणले. पण त्याची बाजू जास्त जड आहे. ते जोडपं तुमच्या दारात पहिल्यांदा आलं ते त्याच्या मागून. त्यांना कधी आणलं, ते काय म्हणाले, हे सगळं तारखेसकट त्याच्या फोनमध्ये असणार आणि आवश्यक ते प्रमाणपत्र जोडलं की व्हॉट्सॲपचे मेसेज पुरावा म्हणून चालतात. जाहिरातीतल्या फोटोंवरून त्यांनी घर ओळखलं आणि दलाली वाचेल म्हणून थेट फोन केला, असं त्याचा वकील म्हणेल. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. हेच गिऱ्हाईक पूर्णपणे नवं असतं, एजंटने कधी न दाखवलेलं, तर त्याला एक रुपयाही देऊ नका असं मी बिनधास्त लिहिलं असतं. ‘फक्त माझ्यामार्फतच विकायचं’ असा करार त्याने तुमच्याकडून करून घेतलेला नाही, त्यामुळे पोर्टलवर जाहिरात टाकण्यात तुमची काहीच चूक नाही.

दोन टक्क्यांचा मुद्दा सरळ आहे. ठरलं एक, तर मिळेल एक, म्हणजे ७०,५०० रुपये. तो मागतोय १,४१,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५,३८०, एकूण १,६६,३८०. त्याला जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. ज्याची नोंदणीच नाही त्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. नोंदणी असेल तर तो ठरलेल्या एक टक्क्यावरच बोलेल, दोनवर नाही. खरेदीदारांकडून त्याला काय घ्यायचं असेल ते त्याने त्यांच्याशी बघावं, त्यांचा भार तुमच्या डोक्यावर नको.

रेराच्या नंबरावर मात्र विसंबू नका. हा गैरसमज हल्ली फार दिसतो. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम ९ एजंटला नोंदणीची सक्ती करतं ती बिल्डर विकत असलेल्या, नोंदणीकृत प्रकल्पातल्या घरांसाठी. तुमचा २००६ चा फ्लॅट तुम्ही स्वतः विकताय. नंबर नाही म्हणून त्याची दलाली बुडाली, असा युक्तिवाद टिकणार नाही.

रजिस्ट्रेशन थांबवण्याची धमकी पोकळ आहे. दलालीचं भांडण आहे म्हणून दुय्यम निबंधक दस्त अडवत नाही. एजंटचा दावा पैशाचा आहे, तुमच्या घरावर त्याचा हक्क नाही. त्याला दिवाणी कोर्टात वसुलीचा दावा लावावा लागेल आणि सत्तर हजारांसाठी वर्षानुवर्षं तारखा घेण्यात त्यालाही रस नसतो. म्हणूनच ही तडजोडीची जागा आहे. चावी मात्र आजच परत मागा. करार कायद्याचं कलम २२१ एजंटला, कमिशन देय झालेलं असेल तर, मालकाकडून त्याच्या ताब्यात आलेल्या वस्तू आणि कागद रोखून धरू देतं. दलाली दस्ताच्या वेळी देय होणार, म्हणजे आज त्याच्याकडे तोही आधार नाही. टाळाटाळ केली तर कुलूप बदला, हजारभर रुपयांचं काम आहे. मूळ करारनामा वगैरे दिलेला नसेल असं गृहीत धरतो, दिला असेल तर तो आधी घ्या.

त्याला फोनवर बोलू नका, मेसेज करा. साधारण असा: ‘जानेवारीत १ टक्का ठरलं होतं. दस्त नोंदवून पूर्ण रक्कम मिळाली की त्याप्रमाणे चेकने देईन. त्याआधी चावी परत करावी. रक्कम मिळाल्यावर या व्यवहारापोटी काही येणं बाकी नाही अशी सही केलेली पावती द्यावी.’ बहुतेक जण इथे थांबतात. तो पन्नास हजारांवर मिटवायला तयार झाला तर तुमचं नशीब, पण त्याच्या मागे लागू नका.

आता तुम्ही विचारलेलंच नाही त्याकडे वळतो, कारण दलालीपेक्षा मला त्याची धास्ती वाटते. सासूबाईंचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात. तुमच्या घरात त्यांचा वाटा आहे.

सोसायटीने शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर केलं म्हणजे सगळा फ्लॅट तुमचा झाला, असं नाही. नॉमिनी हा सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा यासाठीचा माणूस. मालकी वारसा कायद्याने ठरते आणि महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातही आता नॉमिनीला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद मानलं आहे. मिस्टरांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू असेल, तर त्यांचा अर्धा हिस्सा चौघांत समान जातो: तुम्ही, मुलगा, मुलगी आणि त्यांची आई. आईचं नाव लोक हमखास विसरतात. २००६ च्या करारात वेगळं प्रमाण लिहिलेलं नसेल तर तुमचा स्वतःचा अर्धा आणि वारशाने आलेला एक अष्टमांश मिळून पाच अष्टमांश तुमचे. उरलेला प्रत्येकी एक अष्टमांश मुलाचा, मुलीचा आणि सासूबाईंचा. साडेसत्तर लाखांच्या घरात एक अष्टमांश म्हणजे पावणेनऊ लाखांहून जास्त. एजंटच्या एक टक्का दलालीच्या बारा पटींहून जास्त.

खरेदीदार कर्ज काढणार असतील तर त्यांच्या बँकेचा वकील हे पहिल्या दिवशी पकडेल. तोपर्यंत तुम्ही टोकन घेऊन बसलेल्या असाल आणि मुदत चालू झालेली असेल. एजंट असता तरी त्याने हे पाहिलं असतं असं मी म्हणत नाही, शेअर सर्टिफिकेटवर नाव बघून पुढे जाणारेच जास्त.

उपाय आहे. मुलगा, मुलगी आणि सासूबाई यांनी आपापला वाटा तुमच्या लाभात सोडल्याचं हक्कसोडपत्र करून नोंदवायचं. मोबदला न घेता घरातल्या घरात असं केलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. सासूबाईंना डोंबिवलीपर्यंत आणायची गरज नाही. नाशिकच्या दुय्यम निबंधकांपुढे त्या कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करू शकतात आणि प्रकृती बरी नसेल तर अधिकारी घरी येऊन ते घेऊ शकतात. त्यांना काय लिहून देतोय हे नीट समजावून सांगा, दिरांच्या समोर सांगा, घाईने सही घेऊ नका. त्या नाही म्हणाल्या तर तो त्यांचा अधिकार आहे. मग त्यांच्या हिश्श्याचे पैसे त्यांना देऊन त्यांनाही विक्रेत्या म्हणून दस्तात घ्यावं लागेल.

मुलाने म्युनिकच्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र करून पाठवायचं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे लक्षात ठेवा. हक्कसोड आधी करा, विक्री नंतर. तो विक्रेता म्हणून दस्तात आला तर त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराला अनिवासी विक्रेत्याच्या जास्त दराने कर कापावा लागेल. ती रक्कम विवरणपत्र भरून परत मिळवेपर्यंत म्युनिक-डोंबिवली फोनाफोनी चालू राहील.

हे होईपर्यंत टोकन घेऊ नका, हा माझा सल्ला. खरेदीदार अगदीच थांबत नसतील तर विसार पावती, म्हणजे आगाऊ रकमेचा लेखी करार, करा आणि तीत स्पष्ट लिहा की वारसांची हक्कसोडपत्रं साठ दिवसांत झाली नाहीत तर विसार परत, कोणीही दंड देणार नाही. त्यांचं कर्ज मंजूर झालं नाही तर काय, हेही तिथेच लिहा. पैसे बँकेतूनच घ्या.

चार लाख रोख? नको. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रक्कम रोख घेतली तर घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. खरेदीदाराचं मुद्रांक शुल्क वाचणार आणि दंडाची पाळी तुमची, असा हा सौदा आहे. त्यांना म्हणावं, पूर्ण किंमत कागदावर, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक बघते.

एजंटशिवाय बाकी कामं तुमची तुम्हाला करता येतील, त्यात फार अवघड काही नाही. मूळ करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा, ‘इंडेक्स टू’), इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची आणि वीजबिलाची ताजी पावती, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र हे सगळं एका फाइलीत लावा. २००६ मध्ये कर्ज काढलं असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र शोधा. सोसायटीला हस्तांतरणाची पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्या. आदर्श उपविधींप्रमाणे ना-हरकत दाखला सक्तीचा नाही, पण खरेदीदाराची बँक तो मागते, तेव्हा घेऊन ठेवलेला बरा. हस्तांतरणाचा प्रीमियम २००१ च्या शासकीय परिपत्रकानुसार २५ हजारांच्या वर घेता येत नाही. त्याहून जास्त ‘देणगी’ मागितली तर लेखी मागणी द्या म्हणून सांगा.

जाहिरात अजून चालू असेल तर मुलीला ती काढून टाकायला सांगा. ‘मी सैन्यात आहे, घर न बघताच टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे फोन अशा जाहिरातींवर येतात. पैसे मिळण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा.

ताब्याचं कलम स्वतः वाचा. आपल्याकडे आधी दस्त नोंदवला जातो आणि बँकेचा चेक नंतर येतो, म्हणून ‘पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच ताबा’ हे शब्द दस्तात हवेत. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असल्याने खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतील. योगायोगाने तेही ७०,५०० रुपयेच आहेत, एजंटच्या पैशांशी त्याची गल्लत करू नका. ते तुमच्या पॅनवर जमा झाल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

एजंटला चेकनेच द्या आणि पावतीवर त्याचा पॅन घ्या, असं मी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफ्यातून वजा होते. २००६ ची खरेदी असल्याने साडेबारा टक्क्यांनी, महागाई निर्देशांक न लावता, की वीस टक्क्यांनी निर्देशांक लावून, यापैकी कमी बसेल तो कर तुम्हाला निवडता येतो. हा हिशेब दस्त करण्याआधी सीएकडून करून घ्या, आणि पुण्यात दुसरं घर घेणार असाल तर तेही त्याला त्याच वेळी सांगा.