गार्ड काढलेलं ग्राइंडर

प्रश्न : आमच्या साइटवरचा फॅब्रिकेटर ४ इंची ग्राइंडरचं गार्ड (डिस्कभोवतीचं धातूचं झाकण) काढून त्यावर ५ इंची डिस्क लावतो. ‘काप खोल जातो, आणि डिस्कवर छापलेला वेग मशीनपेक्षा जास्तच आहे की,’ असं म्हणतो. माणूस कामाला एक नंबर, त्यामुळे बोलायची पंचाईत होते. त्याचं काही चुकतंय का?
— एक सुपरवायझर

उत्तर : आकड्याचं त्याचं बरोबर आहे, हे आधी कबूल करतो. ५ इंची कटिंग डिस्कवर साधारण १२,२०० फेरे छापलेले असतात आणि छोटं ग्राइंडर मिनिटाला ११,०००च्या आसपास फिरतं. (उद्या ७ इंची लावू नका म्हणजे झालं; तिची मर्यादा ८,५००च.) पण त्याला भोकाचं विचारा. ४ इंची डिस्कचं भोक १६ मिलिमीटर, ५ इंचीचं २२. मधल्या फटीचं तो काय करतो?

मी काय करायचो ते सांगतो. मशीनच्या दांड्याला टेप गुंडाळायचो. डिस्क नजरेनेच मध्यावर धरायची आणि नट आवळायचा. टेप तापून मऊ पडला की डिस्क केसभर सरकते आणि मशीन हाताला मुंग्या आणतं. त्या दिवशीही मुंग्या येत होत्या, पण म्हटलं, एवढा एक अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) उरकू. अँगलची दोन्ही टोकं विटांवर टेकवलेली. मधोमध कापत आणला तसा तो खाली बसला, काप मिटला, डिस्क आवळली गेली आणि फुटली. नखाएवढा तुकडा हनुवटी फाडून गेला. ७ टाके पडले. गार्ड होतं की! पेटीत, कोरं करकरीत.

गार्ड ठिणग्यांसाठी असतं असं पोरांना वाटतं. ५ इंची डिस्कची कड त्या वेगात ताशी २६० किलोमीटरच्या घरात पळते. ती फुटली तर तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून ते असतं. खोल काप हवा असेल तर ५ इंचीचं मशीन त्याच्या गार्डसकट मागवा. आधार कापाच्या अलीकडे द्या, कापून पडणारं टोक मोकळं राहू दे, म्हणजे फट उघडत जाते. नवी डिस्क लावली की मिनिटभर रिकामी फिरवायची, तिच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. मधल्या धातूच्या कड्यावर मुदत असते, तीही बघा.

आणि त्याला चारचौघांत बोलू नका. बाजूला घ्या, प्लग काढून नट खोलायला लावा. टेप निघाला तर पुढचं त्याला कळेल.

प्रश्न : ड्रिल मारताना सुती हातमोजे घालावेत का?

उत्तर : नाही. एक धागा बिटात सापडला की अख्खा मोजा गुंडाळला जातो, आणि बोटं त्यातच असतात.